गयाबाईच्या कार्डावरचा बैल

आमच्या जिल्ह्यात छावणी म्हटलं की नगरच्या माणसाला लष्कर आठवतं आणि पाथर्डीकडच्या माणसाला शेण. माझी छावणी शेणाची. पावसानं लागोपाठ दोन वर्षं तोंड फिरवलं, विहिरींनी तळ दाखवला, कडब्याची गंज संपली, आणि गावोगावची माणसं आपापली जनावरं हाकत एका उघड्या माळावर येऊन राहिली. आली होती जनावरं जगवायला, पण जनावरांसोबत स्वतःच दावणीला बांधली गेली. मी तेव्हा सतरा वर्षांची. दहावी करून घरी बसलेली, तोंडाची फटकळ, आणि आपल्याला जगातलं सगळं कळतं अशी पक्की खात्री असलेली. ती खात्री त्या माळावरच राहिली.

लांबून बघितलं तर जत्रा वाटायची. फाटकापाशी पत्र्याचं ऑफिस, ऑफिसच्या डोक्यावर भोंगा, मागं चारा उतरवायची जागा आणि तिथं टांगलेला मोठा काटा. मग ओळी. एकेका गावाची एकेक ओळ, दोन ओळींमध्ये टेम्पो जाईल एवढी वाट, ओळीच्या टोकाला पाण्याचा हौद. बांबू रोवून वर हिरवी जाळी नाहीतर पाचट टाकलेलं. त्या सावलीत जनावर आणि जनावराच्या पायाशी माणूस. प्रत्येक जनावराच्या कानात नंबराचा बिल्ला. मालकाला एक कार्ड आणि कार्डावर जास्तीत जास्त पाच जनावरं. सकाळी टँकर येऊन हौद भरायचा. मग मोजणी. कारकून वही घेऊन ओळीतून फिरायचा, मालकाचं नाव पुकारायचा, मालकानं "हाय" म्हणायचं, तो बिल्ले बघायचा आणि पुढं सरकायचा. मोजणी झाली की चारा. मोठ्या जनावराला भारा, वासराला त्याच्या निम्मं, एक दिवसाआड पेंड. शेण मात्र आपलं नाही. ते छावणी चालवणाऱ्यांचं, ट्रॉल्या भरून जायचं. आमच्या आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, याचा भारी राग. "जनावर माझं, पोट त्याचं, आन शेन ह्यांचं! काय इंग्रजाचं राज्य हाय का?" असं रोज म्हणायचे आणि रोज पाट्या भरभरून शेण ट्रॉलीत टाकायचे.

आठवड्यातून दोन-तीनदा जनावरांचे डॉक्टर यायचे. लस टोचायचे, जंताचं औषध पाजायचे, खुरात किडे झालेल्या बैलाला स्वतः आडवा पाडून जखम धुवायचे. चांगला माणूस. एकूण व्यवस्थेला मी नावं ठेवणार नाही. छावण्यांवर तोंडसुख घेणारे पुष्कळ भेटतात, त्यातल्या निम्म्यांनी छावणी पेपरात बघितलेली असते. आमची सहा जनावरं त्या माळानं जगवली, हे मी नाकारलं तर जीभ झडेल. फक्त तिथं माणसंही राहतात हे कुठल्या कागदावर नव्हतं, म्हणून माणसांसाठी काही नव्हतं. बायका दिवस उगवायच्या आत ओढ्याच्या खळग्यात जाऊन यायच्या. पाणी हौदातलंच, जनावरानं तोंड लावायच्या आधी ज्यानं घागर भरली तो शहाणा. अंग दुखलं, ताप आला तर ज्याचं त्यानं बघायचं.

आई गावाकडं घर आणि तिथल्या टँकरची रांग सांभाळायची. थोरला भाऊ आणि वहिनी कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेले. छावणीत आण्णा आणि मी. तीन दगडांची चूल, त्यावर भाकरी, आणि बहुतेक वेळा हुलग्याचं माडगं. पातळ, तिखट, वर लसणाची फोडणी. आजही गावाकडून कुणी हुलगे आणले की मी माडगं करते आणि घरातले तोंड वाकडं करतात. संध्याकाळी कडबाकुट्टीचं यंत्र सुरू झालं की सगळा माळ थरथरायचा, जनावरं कान टवकारायची, आणि लहान पोरं भाऱ्यातलं उसाचं एखादं कांडं पळवायची. मीही पळवायची. गाईच्या तोंडचा घास खातेय याची लाज वाटायची, पण ऊस गोड लागायचा.

आमच्या दावणीला लागून गयाबाईची दावण. पन्नाशीची विधवा बाई, अंगानं दणकट, दातांना कायम मिश्री. एकच गाय, कपिली नावाची, आणि एकच लेक, सुभद्रा. लेक पार तिकडं कोपरगावकडं बागायतात दिलेली. छावणीला ऊस यायचा तो त्याच बाजूनं. टेम्पो उतरायला लागला की गयाबाई एक कांडं उचलून नाकाला लावायची. "ह्यो माझ्या सुभद्रीच्या शिवारातला," असं छातीठोक सांगायची. मी म्हणायची, "मावशी, उसावर काय नाव लिवलंय व्हय?" त्यावर ती म्हणायची, "तुला काय कळतंय गं मास्तरीनबाई? लेकीला दिल्यावं तिकडच्या मातीचाबी वास याया लागतो." सुभद्राला नुकताच मुलगा झाला होता. जावई ऑफिसच्या फोनवर तसं सांगून गेला होता, आणि गयाबाईनं साऱ्या ओळीत गूळ वाटला होता. नातवाला अजून बघितलं नव्हतं. चिंध्यांचे रंगीत तुकडे जोडून ती त्याच्यासाठी कुंची शिवत होती. सुई मला ओवून द्यावी लागायची.

आता कार्डाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमची जनावरं सहा आणि कार्डावर जागा पाचच. गयाबाईच्या कार्डावर जागा मोकळी. मग पहिल्याच दिवशी दावणीच्या कडेला उभा असलेला आमचा बैल, पाखऱ्या, तिच्या नावावर लागला. याला आमच्याकडं कुणी लबाडी म्हणत नव्हतं. कार्डावर जागा देणं म्हणजे उसना विस्तव देण्यासारखं होतं. सगळ्या ओळीत असं चालायचं, सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त ऑफिसात नव्हतं. आण्णांनी तिला साडीचोळी देऊ केली तर ती खवळली. "दाजी, मला काय इकत घेता का? त्यो माझ्या कपिलीला सोबत झालाय." पाखऱ्याला ती स्वतः पाणी पाजायची. कधी तिला यायला उशीर झाला तर मोजणीला तिच्या नावाला मी "हाय" म्हणायची. कारकून मान वर करून बघायचाही नाही.

उन्हं कडक झाली आणि एक दिवस भोंग्यावर पुकारा झाला. खोटी जनावरं दाखवली जातात अशी कुठून तरी तक्रार गेली आहे. उद्या सकाळी तपासणीचं पथक येणार. प्रत्येक कार्डाचा मालक जातीनं हजर पाहिजे. गैरहजर राहील त्याचं कार्ड रद्द.

त्याच दिवशी पहाटेपासून गयाबाईचं पोट बिघडलेलं. उलट्या आणि जुलाब. आण्णा आदल्या दिवशी गावाकडं गेलेले, मी एकटी. साखर-मिठाचं पाणी करून तिला पाजत होते, ते तिला ठरत नव्हतं. दुपारी चाऱ्याचा टेम्पो रिकामा झाला. मी जनावरांना पाणी दाखवून परतले तर गयाबाई जाग्यावर नाही. बघते तर टेम्पोपाशी. काखेत गाठोडं, एक पाय वर टेकलेला, आणि टेम्पोवाला तिला हात देतोय.

मी पळत गेले. "मावशी, कुठं निघाला?"

"लेकीकडं. ह्यो रिकामाच चाललाय, बसा म्हनला. पोटात काय ठरंना नंदे. चार रोज तितं पडून ऱ्हाते, नातवाचं त्वांड बघते, आन येते."

"आन उद्याचं पथक?"

"तू म्हन की हाय. रोज म्हनतीस."

"उद्या न्हाई चालायचं. उद्या मानूस बघनारेत. तुमचं कार्ड गेलं तर पाखऱ्याचा चारा गेला. जोडी फुटली की पेरनी कशानं करायची? आन दुसऱ्याच्या कार्डावर लावलाय हे निघालं तर आमचंबी कार्ड फाडतील. साही जनावरं रस्त्यावर येतील मावशी."

ती टेम्पोवाल्याकडं बघायला लागली. टेम्पोवाला म्हणाला, "पोरी, बाई आजारी हाय. येऊ दे की."

"तुम्ही गप बसा," मी त्याला म्हणाले. मग गयाबाईला म्हणाले, "मोजनी तेवढी होऊ द्या. उद्या दुपारी हाच टेम्पो येतोय. मी सोताच्या हातानं बसवून देते." आणि तिच्या काखेतलं गाठोडं मी काढून घेतलं. तिनं ओढून धरलं नाही. "तुझंबी खरंच हाय बाई," म्हणाली, "मुका जीव त्यो." आणि माझ्या खांद्याला धरून परत आली.

माझी चूक मला तेव्हा चूक वाटली नाही. मला वाटलं, आण्णा नसताना मी केवढं मोठं संकट टाळलं. आण्णा आले की शाबासकी देतील.

सकाळी आण्णा आले तेव्हा तिचे डोळे खोल गेले होते. ओठ वाळून पांढरे पडलेले. तिनं आमच्या दोघांकडं बघितलं आणि म्हणाली, "नंदे, मला सुभद्रीकडं न्या गं. तेवढं न्या." आण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "आण्णा, पथक नऊला येनार हाय. तासाभराचा तर प्रश्न हाय." आण्णांनी पटका सोडला आणि परत बांधला. त्यांना दोष देऊन मला सुटता येणार नाही. ते गप्प बसले आणि मी बोलले.

पथक नऊला आलं नाही. दहाला आलं नाही. अकराला कुणी म्हणालं, शेजारच्या छावणीवर आहेत, निघालेच. आम्ही गयाबाईला बांबूला टेकवून बसवलं, पाठीशी पोतं दिलं. मी पदर भिजवून तिच्या तोंडावरून फिरवत होते. ऊन सावलीतून सरकत तिच्या पायांवर आलं, तसे मी तिचे पाय ओढून घेतले. दीडच्या सुमाराला दोन जिपा आल्या. साहेब लोक ओळीत शिरले. "गयाबाई," कारकून म्हणाला. तिनं हात वर केला. पुरता वर गेला नाही. साहेबांनी तिच्याकडं बघितलंच नाही. कपिलीचा कान बघितला, पाखऱ्याचा कान बघितला. "एक गाय, एक बैल, मालक हजर," एवढं म्हणाले आणि पुढं गेले. चहाचा घोट घ्यायला लागतो तेवढा वेळ. त्यासाठी ती बाई तिथं सकाळपासून बसली होती!

पथकाच्या मागून जनावरांचे डॉक्टर चालले होते, ते थांबले. खाली बसून त्यांनी गयाबाईच्या हातावरची कातडी चिमटीत धरली आणि सोडली, गायीच्या मानेची धरून बघतात तशी. कातडी तशीच उभी राहिली.

"कधीपासून?"

"काल पहाटेपासून," मी म्हणाले.

"आणि हिला इथं बसवून ठेवलंय? अरे, अक्कल गहाण टाकलीत काय? हिला सलाईन पाहिजे, आत्ताच्या आत्ता. माझ्या पेटीत आहे ते सगळं जनावरांचं!"

टेम्पो नुकताच आला होता. डॉक्टरांनी ओरडून अर्धा ऊस तसाच खाली ढकलायला लावला. उसाच्या वाढ्यांवर, म्हणजे हिरव्या शेंड्यांवर, गोधडी टाकून आम्ही तिला निजवलं, तिचं डोकं माझ्या मांडीवर घेतलं. टेम्पोवाला कालचाच. मी वाकून "मावशी, मावशी" करत होते आणि तिच्या तोंडात बोटानं पाणी सोडत होते. पाथर्डी दिसायच्या आत पाणी ओठांच्या कडेनं बाहेर यायला लागलं. आण्णांनी डोक्याचा पटका काढला आणि तिच्या तोंडावर घातला.

दुसऱ्या दिवशी कारकून ओळीत आला तेव्हा हळहळला. "अगं, आजारी मानसाची चिठ्ठी असती की. आदल्या दिवशी ऑफिसात सांगायचं, मी नावापुढं शेरा मारून टाकतो. ह्या पथकाला पाच-सहा जनांचं तसंच केलं." ऑफिस आमच्या दावणीपासून हाकेच्या अंतरावर होतं. मी विचारायला गेले नव्हते, कारण पाखऱ्याचं निघेल या भीतीनं आम्ही ऑफिसच्या वाटेलाच जात नव्हतो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय? गयाबाईचं कार्ड तिच्या दिराच्या नावावर झालं. पाखऱ्याचा चारा एक दिवसही चुकला नाही.

तिसऱ्या दिवशी सुभद्रा आईचं सामान न्यायला छावणीत येणार असं कळलं. तिच्या आधी मी एक काम केलं. गयाबाईचं गाठोडं माझ्याच अंथरुणाशी पडलेलं होतं. ते मी सोडलं. आत एक लुगडं, हुलग्याच्या पिठाची पुरचुंडी आणि कुंची. कुंची पुरी झालेली होती, शेवटची सुई तिनं कुणाकडून ओवून घेतली कोण जाणे. सगळ्याच्या घड्या मोडल्या आणि तिच्या पत्र्याच्या पेटीत इतर कपड्यांत सारून दिलं. तो अजाणतेपणा नव्हता. मला पक्कं कळत होतं मी काय करतेय ते.

सुभद्रा आली. बाळंतीण, कान बांधलेले, कडेवर महिन्याचं पोर. पेटीवर बसली आणि मला म्हणाली, "मला एवढंच सांग, तिनं माझी आठवन काढली का गं?"

काढली म्हणाले असते तर तिनं पुढचं विचारलं असतं, मग आली का नाही? मी म्हणाले, "मी लई म्हनले आक्का, लेकीकडं जा. टेम्पोबी हुता. जनावर सोडून येत न्हाई म्हनल्या."

सुभद्रा रडली नाही. "हट्टीच हुती," एवढंच म्हणाली. जाताना कपिली तिच्याकडं बघून हंबरली, तर हिनं मान फिरवली. आणि मला जवळ घेऊन म्हणाली, "तुझ्या मांडीवर गेली ती. तुझं उपकार फेडनार हाय मी."

फेडलेही. दोन वर्षांनी तिनं स्वतःच्या गावात, आपल्या चुलत दिराशी माझं लग्न जमवलं. हुंडा नाही, मागणं नाही. दुष्काळी गावची पोर मी, कालव्याच्या पाण्यात येऊन पडले. मालक भला, पोरं शिकली, दारात दहा गाया आणि दुधाचं संकलन केंद्र. मी जे काही खाल्लं-प्यायलं ते त्या एका खोट्यावर. सुभद्राच्या घरी मात्र गाय नाही. उसाचा एवढा मोठा बागायतदार, वाढ्यांचे ढीग पडलेले, पण ती दारात गाय बांधू देत नाही. रोज सकाळी किटली घेऊन माझ्याकडं येते, मी दूध घालते, ती घटकाभर बसते, आम्ही बोलतो. इतकी वर्षं. सांगावं असं कितीदा मनात आलं ते मोजत बसले तर आयुष्य पुरायचं नाही. दरवेळी मी तिच्या किटलीत मापाच्या वर थोडं जास्तीचं दूध घातलं आणि गप्प बसले.

काल ती आली ती हसतच. छावणीत कडेवर होता त्या मुलाचं गेल्या वर्षी लग्न झालं. त्याची सासू आजारी पडून लेकीकडं राहायला आली आहे. "बघ नंदा," सुभद्राक्का म्हणाली, "लोकांच्या आया दुखनं घेऊन लेकीकडं येत्यात. माझ्या आईला मेली ती गाय सुटली न्हाई. मी काय इतकी नावडती हुते का गं?" केस पांढरे झालेली बाई, आणि हे लहान पोरीसारखं विचारत होती.

मी माप खाली ठेवलं आणि सांगितलं. सगळं. टेम्पो, टेकलेला पाय, नऊचं पथक, सगळं. "आक्का, ती तुज्याकडंच निघाली हुती. दुसऱ्या दिशीबी म्हनली, मला सुभद्रीकडं न्या. दोन्ही बारीला मीच न्हाई म्हनले."

ती म्हणाली, "पेटीत कुंची हुती. मला वाटलं, पाठवायची इसरली."

"गाठोड्यात हुती."

"बांदलेली?"

"व्हय. मी सोडली."

आक्कानं किटली उचलली. मी दूध घालायला माप पुढं केलं, तर ती रिकामीच घेऊन पायऱ्या उतरली. आज सकाळी दुधाला तिची सून आली.